दोन बदामांवर काय बोलायचं

पोलादपुरात ब्रिज खेळतात असं सांगितलं की महाडची माणसं हसतात. हसू देत. रमी आणि तीन पत्तीच्या पुढे ज्यांची मजल गेली नाही, त्यांच्याशी कोण वाद घालणार? हरीभाऊंच्या घरी दर रविवारी दुपारी चारला डाव बसायचा आणि तो एकोणीस वर्षं बसला. कशेडीत दरड येऊन ट्रकांची रांग गावापर्यंत लागलेली असो, नाहीतर घरात पाहुण्यांची पंगत बसलेली असो, चारच्या ठोक्याला पानं वाटलेली असायची.

हरीभाऊंचं पोलादपुरात औषधांचं दुकान. माणूस सत्तरीचा, सडसडीत, आणि नियमांच्या बाबतीत असा काटेकोर की समोरच्याला घाम फुटावा. त्यांची भिडू म्हणजे बायको, गोदावरीकाकू. विरुद्ध बाजूला डॉक्टर देवश्री, जिचा दवाखाना महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, आणि तिचा भिडू निषाद. निषाद औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. आधी त्या जागेवर दुसरे कुणी बसायचे, गेली चार वर्षं हा. चौघंच. पाचव्याला तिथे जागा नव्हती.

ब्रिजमध्ये आधी बोली होते, मग खेळ. निषादनं पुण्याहून बोलीचे डबे आणले होते. तोंडानं बोलायचं नाही, डब्यातून कार्ड काढून समोर ठेवायचं. त्या डब्यात एक लाल कार्डही असतं, त्यावर ‘स्टॉप’ लिहिलेलं. कुणी उडी मारून मोठी बोली केली की त्यानं आधी ते लाल कार्ड टाकायचं, आणि पुढच्यानं दहा सेकंद थांबायचं. का, तर पुढच्यानं झटकन पास केलं तर हातात काही नाही हे त्याच्या भिडूला कळतं, आणि रेंगाळला तर काहीतरी आहे हेही कळतं. म्हणून सगळ्यांनीच दहा सेकंद. झाले की ज्यानं लाल कार्ड टाकलं त्यानंच ते उचलायचं. तोवर पुढच्यानं हूं की चूं करायचं नाही.

हरीभाऊंनी त्यावर घरचा एक नियम चढवला होता. पानं बघा, तोंडं बघू नका. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातात काय आहे ते ताडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. आणि स्वतः तर असे बेरकी, की हातात फारसं काही नसताना मोठी बोली ठोकायची, समोरच्या दोघांना एकमेकांशी जुळवून घ्यायला जागाच ठेवायची नाही, आणि मग डोळे अर्धे मिटून, मागे रेलून, हूं नाही की चूं नाही असं बसायचं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लाल कार्ड टाकलं आणि त्याच्यापुढे ‘दोन बदाम’. मागे रेलले. देवश्री त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे बोलायची पाळी तिची.

लाल कार्ड कुणी उचललं नाही. तीन शिकलेली, सभ्य माणसं खाली मान घालून ते उचललं जायची वाट बघत बसली. चार वाजून सोळा मिनिटांनी घरकामाला असलेली शकू चहा घेऊन आली. तिला ना ब्रिज ठाऊक ना ब्रिजचे नियम. तिनं हरीभाऊंकडे एकदा बघितलं आणि ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला.

“काका असं का बसलंत?” ती म्हणाली.

मग सगळं झालं. देवश्रीनं त्यांना खाली निजवलं, छाती दाबली, निषादनं रुग्णवाहिका बोलावली. हरीभाऊंचे हात गार पडत चालले होते. रुग्णवाहिका आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी देवश्रीनं काकूंना जवळ घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, ते एका क्षणात गेले, कुणालाही काही करता आलं नसतं. दुसरी, मी पानांतून डोकं वर काढलंच नाही काकू, नाहीतर.

दोन्ही खोटं. पहिलं तर सगळेच डॉक्टर सांगतात. दुसरं तिचं स्वतःचं.

तिनं बघितलं होतं. मिनिटभरात तिची मान सहज वर झाली आणि हरीभाऊंचा चेहरा समोर आला. राखेसारखा रंग, ओठांच्या कडा निळसर, नजर टेबलाच्या काठावर थिजलेली. पेशंट दारातून आत येताना त्याच्या रंगावरून दुखणं ओळखणारी बाई ती. आणि त्या बाईच्या मनात आलं काय? की काका घाबरलेत. म्हणजे हातात नक्की काही नाही, नुसती थाप आहे. आणि लगेच लाज वाटली. आपण तोंड बघितलं. चोरी केली. मग ते बघितलेलं मनातून पुसून टाकायचं म्हणून तिनं मान खाली घातली आणि निव्वळ पानांवरून ठरवायला बसली. पुढची पाच मिनिटं ती प्रामाणिकपणे पानं मोजत राहिली.

हे काकूंना कळलं तर? या एका विचारानं तिची झोप उडाली. दुसऱ्या कुणाला कळलं तर बोलतील, बोलून विसरतील. पण एकोणीस वर्षं जिनं हिला लेकीसारखं चहा-पोहे खायला घातले, तिच्या डोळ्यांना डोळे कसे भिडवायचे? जन्मभर ते झाकून ठेवायचं असं तिनं ठरवलं होतं.

तेराव्यानंतर दोन दिवसही झाले नसतील, काकूंचा फोन आला.

“रविवारी चारला या दोघं,” काकू म्हणाल्या. “डाव अर्धा राहिलाय.”

देवश्रीला वाटलं, दुःखानं बोलतायत. जावं, तासभर बसावं, समजूत घालावी. ती आणि निषाद पोलादपूरला पोचले तेव्हा काकू आपल्या जागेवर बसलेल्या होत्या. टेबल तसंच होतं. अगदी तसंच. ज्याची पानं त्याच्यासमोर पालथी, हरीभाऊंच्या रिकाम्या खुर्चीसमोर दोन बदाम आणि लाल कार्ड. टेबलावर धूळ नव्हती, कार्डं मात्र हललेली नव्हती.

“बस,” काकू म्हणाल्या. “तुझा विचार चालू होता.”

काय करणार? दोघं बसले. देवश्रीनं आपली तेरा पानं उचलली. तिला ती पाठ होती, तरी उचलली. इस्पिकाची पाच, एक्का-राणीसकट. बदामाचा राजा, सोबत एक किरकोळ पान. चौकटचा एक्का आणि गुलाम, किलवरचा राजा, बाकी भरताड. चांगला हात. म्हणूनच तर पंचाईत. दोन इस्पिक बोलावं तर हात जास्त दमदार आहे, भिडूला ते कळणार नाही. डबल द्यावं, म्हणजे भिडूला ‘तू सांग तुझं चांगलं काय’ असं विचारावं, तर तो भलतीकडेच जाईल. बिनहुकूम बोलावं तर सगळी मदार बदामाच्या एकट्या राजावर. आणि लाल कार्ड अजून तिथेच.

खोलीत आवाज नव्हता. लांब घाटाकडून एखाद्या ट्रकचा ब्रेक ऐकू यायचा तेवढाच. देवश्री सवयीनं मनात आकडे मोजायला लागली. एक, दोन, तीन. सातापर्यंत आली आणि पुढचा आकडाच सापडेना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सात. डॉक्टरीण बाई, रोज शंभर नाड्या मोजणारी, आणि आठ म्हणता येईना. तिच्या उजव्या दंडावर बारीक काटा आला. फक्त उजव्या. त्या बाजूला ती खुर्ची होती.

आणि काकू पानांकडे बघत नव्हत्या. त्या सगळा वेळ देवश्रीकडे बघत होत्या.

पाच वाजले. “राहू दे,” काकू शांतपणे म्हणाल्या. “पुढच्या रविवारी बघू.”

बाहेर पायरीवर शकू भांडी घासत होती. तिनं देवश्रीला हातानं जवळ बोलावलं.

“बाय, एक बोलू? मी रोज सांजेला ती खुर्ची आत सारते. सकाळी येऊन बघते तं ती मागं सरलेली. मानूस बसायला जागा करून घेतो ना, तशी.”

“काकू सारत असतील गं.”

“काकूंच्यानं ती उचलत नाय. शिसवी हाय ती, जड हाय.” शकूनं पातेल्यावर राख चोळली. “मी आता सारायची सोडलीया.”

गाडी महाड जवळ आल्यावर निषादनं घसा साफ केला.

“डॉक्टर, तुम्ही मोजत होता?”

“हो.”

“कितीपर्यंत?”

“सात.”

“मीही,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

आता कुणी म्हणेल, मग जायचं कशाला? सोपं आहे म्हणणाऱ्यांना. ज्याच्या मनात खोट असते त्याला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या रविवारी देवश्री गेली, तिसऱ्या रविवारी गेली. काकू ना रडत, ना हरीभाऊंचा विषय काढत. फक्त ‘बस, तुझा विचार चालू होता’, आणि पाचला ‘राहू दे’. तिसऱ्या खेपेला निषादचा धीर सुटला आणि त्यानं लाल कार्ड उचलायला हात पुढे केला.

“त्याला हात लावू नकोस,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण निषादचा हात जागीच थबकला. “त्यांचं आहे ते. ते उचलतील.”

परतताना तो आपली बोटं चोळत होता. “बोट लागलं माझं. गरम होतं ते. उन्हाचं असेल, नाही?”

“असेल,” देवश्री म्हणाली. त्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग ते तिच्या डोक्यातच बसलं. औषधं लिहून देताना, रक्तदाब बघताना, रात्री उशीवर, सतत तोच हात. दोन बदामांवर काय बोलायचं? आणि एके दिवशी एका पेशंटच्या छातीला नळी लावलेली असताना तिच्या ध्यानात आलं की आपण काहीही बोललो तरी सुटका नाही. इस्पिक बोलू, डबल देऊ, बिनहुकूम बोलू, बोली काकूंवरून निषादकडे आणि निषादवरून हरीभाऊंकडेच जाणार. पास केलं आणि बाकीच्यांनीही पास केलं, तर दोन बदामांचा डाव हरीभाऊंनीच खेळायचा. कुठूनही गेलं तरी फेरा त्या खुर्चीपाशी येतो. आणि एकदा पाळी त्यांची आली की? पेशंट विचारत राहिला, बाई, काही वाईट आहे का.

म्हणजे जोवर ती विचार करतेय तोवरच सगळं थांबलेलं होतं. काकूंनाही ते नक्की ठाऊक असणार. पण मग काकूंना हवं काय होतं? तिनं विचार करत राहावं, की बोलून टाकावं?

सहावा रविवार वीस मार्चला आला. आदल्या दिवसापासून चवदार तळ्यावर माणसं यायला लागलेली, निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, रस्ते गाड्यांना बंद. गर्दीचं कारण सांगून टाळता आलं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. पण देवश्री त्या गर्दीतून चालत हायवेपर्यंत गेली, निषाद तिथे मोटारसायकल घेऊन थांबला होता, त्याच्या मागे बसली. आज याचा सोक्षमोक्ष लावायचा. काहीतरी एक कार्ड टाकायचं आणि मोकळं व्हायचं, पुढे काय होईल ते होईल. असं वीस किलोमीटर मनाशी घोकत ती गेली.

खुर्ची आज आणखी जरा मागे होती. टेबल आणि खुर्ची यांच्यात एक माणूस बसेल एवढं अंतर.

“बस,” काकू म्हणाल्या.

देवश्रीनं पानं उचलली. डब्याकडे हात नेला. बोटं कार्डांवर टेकली आणि लाकडाची झाल्यासारखी तिथेच राहिली. एक, दो‌न, तीन. समोर निषादच्या कपाळावर घाम आला होता, त्याचेही ओठ हलत होते. सात. परत एक. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जात होता की नाही, कळत नव्हतं. उजवा दंड गारठला. आणि मग तेच झालं, जे आधीच्या पाच रविवारी होत होतं पण तिनं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मान वर करून उजवीकडे बघावं असं तिला अनावर वाटत होतं, आणि बघायची छाती होत नव्हती.

तिनं हात मागे घेतला.

“काकू,” ती म्हणाली. बोली चालू असताना तोंडानं बोलायचं नाही, हा या घरातला पहिला नियम. तो तिनं मोडला. “मी बघितलं होतं त्यांच्याकडे. तुम्हाला खोटं सांगितलं मी. मी वर बघितलं, त्यांचा चेहरा बघितला आणि परत पानांत डोकं घातलं.”

निषादनं पानं टेबलावर ठेवली.

“माहिती आहे,” काकू म्हणाल्या.

“तुम्हाला?” देवश्री म्हणाली.

“मी समोरच बसले होते ना. एकोणचाळीस वर्षं तो चेहरा बघितलाय. बोली टाकल्यावर ते डोळे मिटतात, पण असे नाही. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं.” काकू अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा. “तेवढ्यात तू वर बघितलंस. त्यांच्याकडे नीट बघितलंस. आणि शांतपणे मान खाली घातलीस. मी म्हटलं, डॉक्टरनं बघितलंय. काही असतं तर ती उठली असती. म्हणून मी तोंड मिटलं.”

देवश्रीला वाटलं, आपल्याला कुणीतरी मुस्काटात मारावी, म्हणजे निदान श्वास तरी घेता येईल. आपण एकटीनं त्यांना मरू दिलं, हे ओझं ती सात आठवडे वागवत होती. आता कळलं की वाचवायला निघालेल्या बाईलाही आपणच गप्प बसवलं.

“मग मला शिव्या का नाही दिल्यात?” तिचा आवाज फुटला. “दर रविवारी बोलावून इथे का बसवलंत?”

“मला बघायचं होतं,” काकू म्हणाल्या, “की त्या पानांत एवढं काय होतं.” त्यांनी हात पुढे केला. “दाखव.”

देवश्रीनं तेराही पानं उघडी करून त्यांच्यापुढे पसरली. काकूंनी चष्मा लावला. एकेक पान बोटानं सरळ केलं, रंगवार लावलं, इस्पिक एकीकडे, बदाम एकीकडे. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला.

“यात विचार करण्यासारखं काय आहे?” त्या म्हणाल्या. “पाच इस्पिकं आहेत. सरळ दोन इस्पिक बोलायचं. कालचं पोरही बोललं असतं.”

देवश्रीला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडची ती जागा होती. तिनं फक्त मान हलवली.

“टाक,” काकू म्हणाल्या.

“पण ते लाल कार्ड अजून—”

“दहा सेकंद कधीच झाले. टाक.”

तिनं दोन इस्पिकांचं कार्ड काढून समोर ठेवलं. या वेळी बोटं हलली. काकूंनी पास टाकलं. निषादनं आपली पानं उचलून एकदा बघितली, भिडूच्या हाताशी जुळतात म्हणून चार इस्पिक टाकले, आणि हात मांडीवर घट्ट दाबून धरले. फेरा पुढे सरकला. आता पाळी त्या खुर्चीची.

“त्यांना वेळ लागेल,” काकू म्हणाल्या. “आपण थांबायचं. आणि देवश्री, या वेळी मान खाली घालायची नाही.”

देवश्रीनं मान वळवली आणि उजवीकडे बघितलं. काकूंनी त्या बाजूला बघितलं नाही. त्या तिच्याच चेहऱ्याकडे बघत होत्या, जशा त्या दिवशी बघत होत्या, आणि तिच्यावरच भरवसा टाकून बसल्या होत्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “तू डॉक्टर आहेस. काय दिसतंय ते सांग.”

देवश्रीला पुन्हा खोटं बोलवेना.

“श्वास चालू आहे,” ती म्हणाली.

काकूंनी मान डोलावली, आपली पानं हातात घेतली आणि वाट बघत बसल्या.